होडीच्या काचेचा पूल

मशीनखाली सिमेंटची पट्टी तुटली तेव्हा ऑपरेटर हसून म्हणाला, "मैडम, ये तो बिस्किट निकला." मला हसू आलं नाही. त्याच घाण्यातली दुसरी पट्टी महिनाभरापूर्वी आम्ही मोडायला घेतली होती. ती बराच वेळ वाकत राहिली होती. मधोमध तडा दिसत होता तरी सुटत नव्हती आणि अखेर सुटली तेव्हा तुटलेल्या काठाला तंतूंची दाढी लोंबत होती. आज एकदाच कट् झालं आणि दोन तुकडे पडले. काठ अगदी साफ होता.

बोईसरच्या एमआयडीसीत एका लहानशा लॅबमध्ये मी नोकरी करते. बांधकामाचा माल दाबायचा, वाकवायचा, भिजवायचा आणि शेवटी मोडायचा, हे आमचं काम. माझ्या स्वभावाला ते शोभतं असं घरी सगळे म्हणतात. त्या दिवसांत इमारतींना बाहेरून लावायच्या पातळ पाट्या बनवणारा एक कारखानदार आमच्याकडे आला होता. त्यांच्या सिमेंटमध्ये साध्या काचेचे तंतू घातले तर चालेल का, एवढंच त्याला विचारायचं होतं.

सिमेंट दाबलं तर दम धरतं, वाकवलं की धीर सोडतं. म्हणून त्यात तंतू मिसळतात, काचेचे, नाही तर काळा दगड वितळवून ओढलेले. तंतू घातले म्हणजे माल सगळ्याच बाजूंनी मजबूत होतो असा लोकांचा समज आहे, आणि तो ऐकून माझं डोकं फिरतं. दाबाखालची ताकद त्यानं फारशी वाढत नाही. तंतू जास्त पडले तर उलट माल घट्ट होतो, त्यात गोळे होतात, मग मिस्त्री वैतागून वर पाणी ओततो आणि होती ती ताकदही घालवतो. तंतूंचं खरं काम तडा गेल्यावर सुरू होतं. ते तड्याचे दोन्ही काठ धरून ठेवतात, म्हणून माल तुटायच्या आधी वाकतो, कुरकुरतो, माणसाला बाजूला व्हायला वेळ देतो.

पण हे सगळं तंतू जिवंत असेपर्यंत. सिमेंट ओलं राहिलं की त्यातला क्षार साध्या काचेला आतून खात जातो. बाहेरून काही दिसत नाही. आमच्याकडे गरम पाण्याची टाकी आहे, तिच्यात पट्ट्या ठेवल्या की वर्षांचं म्हातारपण काही आठवड्यांत येतं. आज मोडली ती पट्टी त्या टाकीतून काढलेली होती.

साधी काच म्हणजे नेमकी कुठली, असं मी लॅबच्या सरांना विचारलं. सर मान वर न करता म्हणाले, नेहमीचीच, फायबरच्या होड्यांना वापरतात ती.

आमच्या गावचा पूल माझ्या वडिलांनी होडीच्याच काचेचा केला होता. आणि परवा त्या पुलावर माझ्या धाकट्या बहिणीची वरात नाचणार होती.

आमचं गाव केळव्याच्या बाजूला, खाडीच्या एका फाट्यापलीकडे. गाडीरस्ता अलीकडच्या काठाला येऊन संपतो. पलीकडे घरं, बोंबील वाळवायचे बांबूचे मांडव आणि होड्या ओढून ठेवायची जागा. वळसा घालून जायचं तर मिठागराच्या बांधावरून लांबची पायवाट आहे. पूर्वी फाट्यातल्या दगडी खांबांवर नारळीचे ओंडके टाकलेले असत. ते कुजायचे, पावसाळ्यात निसरडे व्हायचे, आणि माशांच्या पाट्या डोक्यावर घेतलेल्या बायका त्यावरून जीव मुठीत धरून जायच्या. एकदा माझी आई पाटीसकट खाली पडली. खाली खडक आहेत आणि खडकांवर कालवांच्या धारदार कडा. तिच्या पोटरीवर तो व्रण अजून आहे.

बाबा त्या काळात समुद्र सोडून फायबरच्या होड्या दुरुस्त करायला लागले होते. आईची पोटरी बघून त्यांनी सिमेंटच्या फळ्या ओतायचं मनावर घेतलं. सळ्या घालायच्या नाहीत हे त्यांनी आधीच ठरवलं होतं. खाऱ्या पाण्यात सळई गंजून फुगते आणि काँक्रीट आतून फोडते, हे त्यांनी रस्त्याच्या मोरीवर डोळ्यांनी पाहिलं होतं. काच गंजत नाही. होड्यांची काच रात्रंदिवस समुद्रात असते, तिला काही होत नाही. मग त्यांनी होडीकामातल्या उरलेल्या काचेच्या मॅटा, म्हणजे तंतूंच्या चटया, कातरल्या, सिमेंटच्या थराथरात घातल्या आणि तीन बोटं जाडीच्या फळ्या केल्या. होडीत त्या काचेभोवती राळेसारखं रेझिन असतं आणि इथे सिमेंट, एवढाच फरक, आणि सगळा घात तिथेच. पण त्यांचं चुकलं कुठे, हे आजही मला चटकन सांगता येत नाही. माझ्या लॅबमधल्या अर्ध्या लोकांनी तेव्हा हेच केलं असतं.

फळी वाळल्यावर बाबांनी ती माशांच्या दोन क्रेटवर ठेवली, गाव गोळा केला आणि तिच्यावर उडी मारली. फळी वाकली आणि त्यांना वर उचलून परत सरळ झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी तेव्हा कॉलेजात होते, सगळ्यात जोरात मीच वाजवल्या असतील. त्या दिवसापासून बाबा आमच्या गावचे इंजिनिअर झाले. चेष्टेनं म्हणायला सुरुवात झाली, मग चेष्टा गेली आणि नाव राहिलं.

पूल झाला तशी एक रीतही पडली. आमच्याकडे करवल्या नवरदेवाची वाट अडवतात, ती पूर्वी मांडवाच्या तोंडाशी अडवत. आता पुलाच्या मधोमध अडवायला लागल्या. इकडून मुलीकडचे, तिकडून मुलाकडचे, मध्ये बेंजोवाले, आणि नवरदेव नाचल्याशिवाय सुटका नाही. तो उडी मारतो तेव्हा सगळेच मारतात. माझ्या लग्नात माझा नवरा तिथेच नाचला होता. त्याला नाच येत नाही, म्हणून तो नुसताच उड्या मारत होता आणि मी मांडवातून बघून हसत होते. त्या दुपारी लॅबमध्ये मला त्याच उड्या आठवल्या.

सुट्टी तशीही दुसऱ्या दिवसापासून होती. मी त्याच संध्याकाळी स्कूटर काढली. उमरोळी गेलं, पालघर गेलं, पुढचा रस्ता मला आठवत नाही. फाट्याशी स्कूटर लावली आणि पुलाशी येऊन थबकले. फळ्या नेहमीसारख्याच दिसत होत्या. पाण्याची ओली रेघ त्यांच्या पोटापर्यंत आलेली होती, भरतीला ती नेहमीच येते. मी खांबाला धरून, एका वेळी एक पाय टाकत पलीकडे गेले. समोरून येणारी शेजारीण म्हणाली, बोईसरला राहून पायाला लाज आली काय गो तुझ्या.

बाबा होड्यांच्या शेडमध्ये मांडवाचे बांबू मोजून देत होते. मी त्यांना बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं, पट्टीचं, टाकीचं, काचेचं. ते शांतपणे ऐकत होते, त्यामुळे मला वाटलं पटतंय. मग ते उठले. शेडच्या कोपऱ्यात त्या वेळची एक उरलेली फळी भिंतीला टेकून होती, वर जुनी जाळी पडलेली. ती त्यांनी काकांच्या मदतीनं ओढून दोन क्रेटवर ठेवली आणि तिच्यावर उडी मारली.

फळी वाकली आणि सरळ झाली.

आणखी एकदा मारली. तेवढ्यात मांडवाकडची माणसं जमली होती, कोणीतरी शिट्टी वाजवली. बाबा खाली उतरले आणि माझ्याकडे बघून, आवाज न चढवता म्हणाले, "पोरी, तुझी टाकी हाय गरम पान्याची. आमची खाडी गार हाय."

सगळे हसले. मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं, आणि राग आला की मला धड विचार सुचत नाही. मी तिथून निघून आईजवळ जाऊन बसले. ती हळदीसाठी तांदूळ निवडत होती. तिनं सूप माझ्याकडे सरकवलं. मीही तांदूळ निवडायला घेतले, आणि निवडता निवडता लक्षात आलं की शेडमधली फळी कोरडी होती. इतके पावसाळे ती छपराखाली, जाळ्यांखाली होती. कोरड्या सिमेंटमध्ये क्षाराला चालायला वाट मिळत नाही. पुलावरच्या फळ्या तर दर भरतीला पोटानं पाणी पीत होत्या. बाबांनी उडी मारून दाखवली ती तरुण फळी होती. म्हाताऱ्या सगळ्या पुलावर होत्या.

मी परत गेले आणि म्हटलं, पुलावरची एक फळी काढा आणि तिच्यावर उडी मारा. या वेळी बाबा चिडले. लग्नघरी मोडतोड करायची नाही, पूल उघडा टाकायचा नाही, अपशकुन नको. मी म्हटलं, मग वरात बांधावरून आणा. ते म्हणाले, इंजिनिअरच्या पोरीच्या लग्नाला इंजिनिअरचा पूल बंद, हे लोकांना काय सांगू? काका म्हणाले, रोज सगळे जातात यावरून, आज काय नवीन झालं? त्याला उत्तर होतं. रोजच्या चालण्याला एकटं सिमेंट पुरत होतं. पण चालणं वेगळं आणि शंभर माणसांनी तालावर उड्या मारणं वेगळं, आणि आता ते वाकणार नव्हतं, कुरकुरणार नव्हतं, कोणाला बाजूला व्हायला वेळ देणार नव्हतं. हे मी सांगितलं. पण मी ते ओरडून सांगितलं, आणि ओरडून सांगितलेलं आमच्या घरात कोणी ऐकत नाही.

शेवटी मी म्हटलं की वरात आली की मीच पुलाच्या तोंडाशी आडवी पडते, जा माझ्या अंगावरून. हे बहिणीनं ऐकलं. उद्यावर हळद आलेली पोर, ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "तुझी वरात नाचली तवा पूल चांगला होता. माझ्याच टायमाला कच्चा झाला काय?" पुढचा सगळा दिवस ती माझ्याशी बोलली नाही. हळदीला सगळे नाचले. मी फाट्याच्या बाजूला तोंड करून बसले होते, कोणी घोळक्यानं पुलाकडे निघालं की उठून उभी राहत होते.

लग्नाच्या सकाळी ओहोटी होती. कोणी मदत करो न करो, फळी मीच काढणार असं ठरवून मी शेडमधून पहार उचलली आणि फाट्यावर गेले. बाबा आधीच तिथे होते. नवा पांढरा सदरा अंगात, लेंगा गुडघ्यापर्यंत वर, चिखलात पुलाखाली उभे. एकेका फळीच्या पोटावरून ते हात फिरवत होते. होडीचा तळ तपासताना ते असाच हात फिरवतात. मला बघून त्यांनी पहार मागितली, एवढंच.

मधल्या खांबावरची एक फळी आम्ही दोघांनी उचकटून, दोर लावून खाली सरकवली. माझ्या नखांत चिखल गेला, मेंदी चिखलानं झाकून गेली. बाबांनी वाळवणाच्या मांडवाखालचे दोन क्रेट आणून ठेवले. फळी वर ठेवली. मी म्हटलं, मी मारते उडी. त्यांनी मला हातानं मागे सारलं.

त्यांनी उडी मारली आणि तोच आवाज झाला. कट्. ते चिखलात गुडघ्यांवर पडले, फळीचे दोन तुकडे दोन बाजूंना. मी धावले, पण ते माझ्याकडे बघत नव्हते. त्यांनी तुटलेला काठ हातात घेतला आणि बोटानं चाचपला. काठाला एकही तंतू बाहेर नव्हता.

"केस कुठं गेलं?" ते म्हणाले. मी म्हटलं, आत हायत, पण मेलेत. त्यांनी वर बघितलं, पुलाच्या पलीकडच्या टोकाकडे, आणि म्हणाले, "सकाळी तुझी आय गेली न यावरनं. नारळांची पाटी घेऊन."

तेवढ्यात रस्त्यावर बेंजो ऐकू आला. वरात ठरल्यापेक्षा आधीच आली होती.

पुढचं मी सांगते तेवढ्या वेळात घडलं. बाबा वर चढले, काकांना हाक मारून घण मागवला आणि पुलाच्या आमच्या बाजूच्या तोंडाशी उभे राहिले. तिकडून नवरदेव उतरला, व्याही उतरले, बेंजोवाले वाजवत पुलाकडे सरकले. इकडून करवल्या नटून धावत आल्या. बाबांनी दोन्ही हात वर केले. वाजवणं थांबेना, तेव्हा ते ओरडले, "पूल मी केलाय. कच्चा हाय. कोनी पाय ठेवू नका."

व्याह्यांना वाटलं करवल्यांचाच खेळ आहे, ते हसत पुढे आले. पहिल्या फळीवर त्यांचा पाय पडणार तेवढ्यात बाबांनी आपल्या बाजूच्या फळीवर घण घातला. एका घावात ती खाली खडकावर गेली. दुसरीही एका घावात गेली. तिसरीला लोक मागे सरले होते. बेंजोवाल्यानं वाद्य छातीशी धरलं होतं. बाबा दोन खांबांमधला एकेक गाळा मोकळा करत, खाली उतरून पुढच्या खांबावर चढत पलीकडपर्यंत गेले. एकही फळी दुसऱ्या घावापर्यंत टिकली नाही. नव्या सदऱ्यावर सिमेंटची धूळ बसली होती. शेवटची फळी पाडून ते व्याह्यांच्या समोर उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले. व्याही काही तरी कडवट बोलतील असं मला वाटलं. त्यांनी खाली खडकांकडे बघितलं, मग आपल्या मुलाकडे बघितलं, आणि चपला काढून हातात घेतल्या.

वरात खडक चुकवून चिखलातून आली. नवरदेवानं पँट दुमडली, बेंजो दोघांच्या डोक्यावरून आला. करवल्यांनी चिखलातच वाट अडवली आणि तो तिथेच नाचला, गुडघाभर रुतून. बहीण मांडवातून बघत होती. ती माझ्याशी बोलली नाही, पण अंतरपाटाच्या आधी तिनं माझं मनगट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. तिची पाठवणी झाली तेव्हा भरती आली होती. बाबांनी स्वतः होडी काढली, कोणाला वल्हं हातात घेऊ दिलं नाही.

संध्याकाळी आई फाट्यावर गेली. तुटलेला एक तुकडा काठाला पडला होता, त्यावरून तिनं बोट फिरवलं आणि मला विचारलं, किती दिवस झाले असतील याला असं होऊन. मी म्हटलं, नक्की सांगता येत नाही, पण दोन-तीन पावसाळे सहज. पाटी घेऊन किती फेऱ्या झाल्या याचा ती हिशेब करत राहिली, ओठ हलत होते. मागे बाबा उभे होते हे आम्हाला माहीत नव्हतं. त्या रात्री ते जेवले नाहीत, आणि पुढे कित्येक दिवस गावात कोणी त्यांना इंजिनिअर म्हटलं की ते उठून जात.

नवा पूल त्यांनीच केला. या वेळी काच क्षाराला दाद न देणारी, मी लॅबमधून विचारपूस करून मागवलेली. दगडाचे तंतू घ्यावेत का, असं त्यांनी विचारलं होतं. दगड म्हणजे कायमचा असं त्यांना वाटलं. मी सांगितलं की क्षार दगडाच्या तंतूंनाही सोडत नाही. फळ्या जाड केल्या, मध्ये नवे खांब घालून गाळे लहान केले. आणि बाबांनी एक फळी जास्त ओतली. ती दोरानं पुलाखाली टांगली, अशी की भरती येते तेव्हा ती सगळ्या फळ्यांच्या आधी भिजते आणि आधी म्हातारी होते.

गावात लग्न ठरलं की बाबा ती फळी वर काढतात आणि क्रेटवर ठेवून तिच्यावर उडी मारतात. त्याशिवाय हळद लागत नाही. आता त्यांचे गुडघे दुखतात. गेल्या वेळी मी म्हटलं, बाबा, फळी मी बोईसरला नेते, आमची मशीन तुमच्या उडीपेक्षा नीट सांगेल. आणि ते खरंच आहे. त्यांनी सगळ्यांना मागे व्हायला लावलं, आईलाही, आणि क्रेटवर पाय ठेवून माझ्याकडे बघितलं.

"न्हे तू मशीनला पन," ते म्हणाले. "पन मशीन काय पाटी घेऊन जात नाय यावरनं. तुझी आय जाते."

आणि त्यांनी उडी मारली.